जाळीपुढची वाटी

सोमवार, ३ तारीख

सामान सगळं सुखरूप पोचलं. पेटी एक, हमाली चाळीस (पन्नास मागत होता, दिले नाहीत). आणलेलं असं: घरात वापरायचे कपडे, खर्च काही नाही, कपड्यांचा नवा जोड एक, साडेचारशे, तोही टीव्हीवर दिसायचं म्हणून, ॲप्रन दोन, जुन्या पडद्याचे घरीच शिवले, दोऱ्याचं रीळ बारा, लाकडी डाव, माझा नेहमीचा, देवाची छोटी तसबीर, पोस्टाची पाकिटं, आणि ही वही, पस्तीस. वही महागच पडली. पण दिवसाचा खर्च टिपल्याशिवाय मला झोप लागत नाही, आणि इथे चार ओळी मनातल्याही लिहिता येतील. घरी मनातलं लिहायला कुणाला सवड होती!

जागा छान आहे. वर आमच्या खोल्या, खाली चित्रीकरणाचं स्वयंपाकघर. पूर्वी इथे फळं साठवायचं शीतगोदाम होतं म्हणे, म्हणून भिंती जाडजूड आणि भर दुपारीसुद्धा फरशी गार. चार ओटे, चार शेगड्या, आणि भांडी तर अशी चकचकीत की घासायला घेतली तर डोळ्यांत पाणी यावं. मी नळ उघडून बघितला. दिवसभर पाणी येतं!

टीव्हीवरच्या या स्वयंपाकाच्या स्पर्धेला शेकड्यांनी लोक आले होते, त्यांतून आम्ही चौघं उरलो. एक निवृत्त मास्तर, सगळं तराजूवर तोलून करणारे. एक बेकरीवाला, गोल, बडबड्या. एक नर्स, माझ्याच वयाची, पहिल्या भेटीतच मला ताई म्हणाली. आणि मी. मला सगळे वहिनी म्हणतात. आमच्यावर देखरेख करणाऱ्या बाईंचं नाव बेकरीवाल्याने आल्या आल्या घड्याळबाई ठेवलं, कारण त्या सारख्या किती वेळ उरला ते ओरडून सांगतात. फोन त्यांनी काढून घेतले. बाहेरचं काही कळायला नको म्हणून. पत्रं लिहायला मुभा आहे.

जिंकणाऱ्याला बाजारपेठेत स्वतःची खानावळ मिळणार, वर्षभराच्या किराण्यासकट. पाटीवर माझं नाव! वीस वर्षं रांधते आहे, पण ताटावरून उठताना कुणी छान झालं होतं म्हटल्याचं आठवत नाही. सासूबाई कमी काय ते सांगतात. हे काहीच सांगत नाहीत. धाकटी लेक तेवढी बोटं चाटते. खानावळीच्या गल्ल्यावर ती बसणार असं तिने परस्पर ठरवूनही टाकलंय. हे म्हणाले की आधी जिंकून तर ये. येईन, बघाच.

बुधवार, ५ तारीख

पहिली फेरी झाली. अर्धे गुण परीक्षक म्हणून आलेल्या मोठ्या शेफचे, अर्धे आमचे एकमेकांना. म्हणजे ज्याच्याशी चढाओढ त्याच्याच ताटातला घास घेऊन त्याला आकडा द्यायचा. बेकरीवाला म्हणाला की ही स्पर्धा नाही, ही चार सुनांच्या घरातली पंगत आहे.

माझी एक रीत आहे. देवाला दाखवल्याशिवाय मी काही जिभेला लावत नाही. मीठ वासावरून कळतं, तिखट रंगावरून, आणि शिजलं की नाही ते रटरटण्यावरून. माझ्या आईची हीच रीत होती. घड्याळबाईंना हे फार आवडलं, पडद्यावर शोभून दिसेल म्हणाल्या. पण तसबीर काही आत नेऊ देईनात. काच चकाकते म्हणे. मग मी वाटीत पहिला घास काढला आणि शीतखोलीमागच्या कोपऱ्यात गेले. तिथे भिंतीत एक लोखंडी जाळी आहे आणि जाळीपुढे हातभर कठडा. जागा स्वच्छ होती. वाटी ठेवली, डोळे मिटून तसबीर मनात आणली, हात जोडले.

माझं भोपळ्याचं सूप दुसरं आलं. नर्सचा टोमॅटोचा भात पहिला. साधा भात! शेफने घास घेतला आणि डोळे मिटले. बराच वेळ उघडलेच नाहीत. माझ्या सूपच्या वेळी उघडेच होते, मी बघत होते.

आवराआवर करायला गेले तर वाटी स्वच्छ. मांजर असेल.

शुक्रवार, ७ तारीख

या नर्सचं मला काही कळत नाही. बटाट्याची सालं इतकी जाड काढते की त्यांत माझी एक वेळची भाजी भागावी. तेल ओतते ते धारेने. मीठ टाकताना तोंडाने गप्पा चालू, लक्ष दुसरीकडे. आणि तरी उतरतं ते अमृत! मी थेंबाथेंबाचा विचार करून करते आणि माझं होतं ते ठीक. काल मास्तरांचा हात भाजला तर धावत जाऊन मलमपट्टी तिने केली. बेकरीवाल्याला झोप येईना तर दूध तिने गरम करून दिलं. मी करणारच होते, पण ही आधी उठते. आणि वर मला म्हणते की ताई, तुमच्यासारखी सुरी धरायला मला जन्मात जमणार नाही. चिडवत असती तरी बरं वाटलं असतं. ती मनापासून म्हणते.

मास्तरांनी माझ्या वरणाला दहापैकी चार दिले. कारण विचारलं तर म्हणाले की वहिनी, न चाखता रांधणं म्हणजे न वाचता पेपर तपासणं. सगळे हसले. नर्सही हसली, मग माझ्याकडे बघून ताटं उचलायला लागली.

आज वाटी ठेवताना डोळे मिटले. तसबीर काही केल्या मनात येईना. मास्तरांचंच तोंड येत राहिलं. मी म्हटलं, यांचं आज काही जमू नये. एवढंच म्हटलं.

दुपारी मास्तर सूप चाखायचे आणि मीठ घालायचे. पुन्हा चाखायचे, पुन्हा घालायचे. तराजू बाजूला पडलेला. शेवटी मुठीने. शेफने घोट घेतला आणि रुमालात थुंकला. मास्तर तेच सूप वाटीभर प्यायले आणि म्हणाले की अळणीच आहे की.

मास्तर बाद.

रविवार, ९ तारीख

मास्तर जाताना मोठं भांडण झालं. त्यांचं म्हणणं कुणीतरी मिठाचा डबा बदलला. बेकरीवाल्याकडे बोट दाखवून म्हणाले की हा सकाळपासून माझ्या ओट्याभोवती घोटाळत होता. बेकरीवाला म्हणाला की मास्तर, मी तुमचं मीठ चोरायला काय उंदीर आहे? कॅमेरे दोन्ही बाजूंनी धावले. घड्याळबाई एकदाही मध्ये पडल्या नाहीत, उलट खूश होत्या.

मग एकेकाला आतल्या खोलीत बोलावून कॅमेऱ्यासमोर एकटं बोलायला लावतात. मला विचारलं की बेकरीवाला तुम्हाला दिसला का. मी म्हटलं, होता खरा तिथे. खोटं नव्हतं. तिथे सगळेच होतो. पण मी फक्त त्याचंच सांगितलं.

मास्तर गाडीत बसताना मी फळ दिलं वाटेत खायला. चावले, आणि म्हणाले की ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतंय. त्यांचे डोळे भरले होते. तीन दिवस त्यांना कसलीच चव नाही. नर्स म्हणाली की तापात होतं असं, येईल परत. मी त्यांची पिशवी गाडीत ठेवली.

मंगळवार, ११ तारीख

या मांजराला एकदा बघायचं ठरवलं. सफाईवाल्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या की इथे मांजर नाही, उंदीर नाही, शीतगोदाम होतं तेव्हाही फळाला कधी मुंगी लागली नाही. आणि त्या कोपऱ्यात मी झाडू फिरवतच नाही, तिथली धूळ आपली आपणच जाते. वाटी वहिनीच चाटूनपुसून ठेवतात असं त्यांना वाटत होतं.

मी वाटी उजेडात नेऊन बघितली. आतून ओली होती. तळाला बारीक रेघा होत्या, अगदी जवळजवळ, एकाच दिशेने. जिभेने चाटल्यावर शिळ्या सायीवर उठतात तशा. पण ही स्टीलची वाटी आहे.

देवाने घेतलं असं म्हणावं का? मन तसं म्हणायला तयार होतं. खरं लिहायचं तर मला अभिमानच वाटला. नर्सच्या हाताला चव असेल, पण माझं रांधलेलं वाटी खरवडून खाणारं कुणीतरी आहे.

बेकरीवाल्याला मी आतल्या खोलीत काय बोलले ते कळलं. घड्याळबाईंनीच त्याला दाखवलं. तो सगळ्यांसमोर म्हणाला की वहिनींचा देवही हिशेबी, आधी कमिशन घेतो मग निकाल लावतो. कॅमेरेवालेसुद्धा खिदळले.

या वेळी मी तसबीर मनात आणायचा प्रयत्नही केला नाही. वाटी ठेवली, जाळीकडे तोंड केलं आणि बेकरीवाल्याचं नाव घेतलं. जाळीतून गार वारा आला. आत ओढून घेतल्यासारखा उलटा वारा. माझ्या कपाळावरचे केस जाळीकडे गेले.

बुधवार, १२ तारीख

आज हिशेब लिहिला नाही.

भट्टीतून धूर येत होता आणि बेकरीवाला भट्टीसमोरच उभा होता. गप्पा मारत. नर्सने ओरडून सांगितलं तेव्हा त्याने दार उघडलं. पाव कोळसा झाले होते. ज्या माणसाला पलीकडच्या खोलीतलं पीठ आंबलेलं कळतं त्याच्या नाकाखाली! तो हसला, एक तुकडा मोडून तोंडात टाकला, म्हणाला की एवढं काही वाईट नाही. चावत राहिला. चावत राहिला. मग त्याच्या हनुवटीवरून रक्त आलं. तो आपली जीभ चावत होता. आम्ही किंचाळलो तर त्याला वाटलं आम्ही थट्टा करतोय. तोंडात रक्त घेऊन तो आम्हाला विचारत होता की काय झालं, असं काय बघताय.

नर्सने त्याचे जबडे धरले. बोटं घालून धरले.

घड्याळबाईंनी एवढं चित्रीकरण दाखवायचं नाही असं ठरवलं. बाकीचं दाखवणार.

गुरुवार, १३ तारीख

काल वाटी धुवून पेटीत तळाशी टाकली. यापुढे काही ठेवायचं नाही. तसबिरीपुढे बसले. तसबीर आपली तसबीर होती. ओळख मोडलेल्या नात्यातल्या माणसासारखी.

आता नर्स आणि मी. दोघीच. ती म्हणाली की ताई, कुणीही जिंको, खानावळ दोघी मिळून चालवू. असं कुणी म्हणतं का? आपल्याच पदरात पडणार याची जिला खात्री आहे तीच असं म्हणते.

शुक्रवार, १४ तारीख

धाकटीचं पत्र आलं. सगळे मिळून टीव्ही बघतात. लिहिते, आई, तू चिडू नकोस, पण मला नर्समावशी जास्त आवडते. ती रांधताना गाणं म्हणते. तू नुसती कपाळाला आठ्या घालतेस.

पत्र चार वेळा वाचलं. मग खाली गेले तर ही बाई गुणगुणत कांदा परतत होती. त्या वासाने माझ्या तोंडाला पाणी सुटलं आणि त्याचाच मला संताप आला. माझी लेक. वीस वर्षांत तेवढं एकच माणूस माझं कौतुक करायचं, तेही हिने गाणं म्हणत म्हणत काढून घेतलं.

पेटीतून वाटी काढली.

शनिवार, १५ तारीख

नर्सने सकाळी चहाचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. ती माणसांचे आजार बघून बघून शहाणी झालेली बाई आहे. मास्तर, बेकरीवाला आणि आता ती स्वतः, तिला सांगावं लागलं नाही.

मग माझ्याजवळ येऊन बसली. आवाज अजिबात चढवला नाही. म्हणाली की ताई, तुम्ही त्या कोपऱ्यात उभ्या असताना तुमचे ओठ हलताना मी बघितलेत. काय मागत होतात ते विचारत नाही. पण मागताना समोर कोण आहे ते बघितलंत का कधी? डोळे उघडे ठेवून?

मी म्हटलं, मला काही ठाऊक नाही. ती म्हणाली की मला पाणीसुद्धा गिळवत नाही, घशाशी कुणीतरी जीभ लावून बसल्यासारखं वाटतं.

दुपारी तिला घेऊन गेले. जाताना तिने तिच्या गुणांचा कागद माझ्या हातात दिला. शेवटच्या फेरीसाठी आधीच भरून ठेवला होता. मला दहापैकी दहा.

सोमवार, १७ तारीख

मी एकटीच उरले. तरी घड्याळबाई म्हणतात की अंतिम फेरी होणारच. शेफसमोर एकटीने रांधायचं, मग खानावळीची किल्ली. रंगीत तालीम सुरू आहे.

वाटी ठेवली नाही. भात केला. झाकण काढलं तर मधोमध खळगा. डावाने काढावा तसा नाही. गोल, गुळगुळीत, कडेला त्याच रेघा. झाकण मी स्वतः ठेवलं होतं, तिथून हलले नव्हते.

पुन्हा केला. पुन्हा खळगा. मोठा.

घड्याळबाईंनी एक चमचा खाल्ला आणि म्हणाल्या की वहिनी, आज हात बिघडला, कागद चावल्यासारखं लागतंय. मीही खाल्ला. त्याला चव होती. मला कळत होती. त्यांनाच—

म्हणजे आता नाव घ्यावं लागत नाही.

मंगळवार, १८ तारीख, सकाळ

ठरवलं. शेवटची एकदा वाटी ठेवायची आणि सांगायचं की पुरे झालं. आता कुणाचं घेऊ नकोस. माझंच घे. हात, जीभ, काय हवं ते. नर्सचं परत दे.

निघते आहे. डोळे उघडे ठेवणार.

मंगळवार, दुपार

पत्र आलं. मी जात होते, जिन्यावर घड्याळबाईंनी हातात दिलं. तिथेच फोडायला नको होतं. धाकटीचं.

आई, मी नर्समावशीसारखा टोमॅटोचा भात केला. बाबा दोनदा मागून जेवले. आजी म्हणाली, हिच्या हाताला चव आहे, आईच्या हाताला नव्हती ती. बाबा हो म्हणाले.

हो म्हणाले. माझ्या एका घासाला कधी म्हणाले नाहीत.

पत्र कमरेला खोचून गेले. वाटी ठेवली. डोळे उघडे होते. जाळीच्या आत अंधार होता आणि अंधार ओला होता, हलत होता. मी बोलायला तोंड उघडलं. पुरे, म्हणणार होते. देवाशप्पथ पुरे म्हणणार होते.

पण आधी मनात आलं. एक क्षणच. पापणी लवते तेवढंच. आपल्याच पोटच्या पोरीबद्दल असं कसं— जळलं. नुसतं जळलं. तिच्या हाताला चव आहे म्हणे.

वाटीकडे बघितलं. रिकामी.

मी ओरडले, नाही, ती नाही, तिचं नाही. जाळीवर हात मारले. नखं मोडली. आतून आवाज आला. एखादं मूल पोट भरल्यावर करतं तसा.

मंगळवार, नंतर

फोन द्या म्हणून घड्याळबाईंच्या पाया पडले. त्या म्हणाल्या की अंतिम फेरीच्या तोंडावर सगळ्यांनाच घरची आठवण येते, उद्या किल्ली घ्या आणि मग हवं तेवढं बोला. मी रडत होते. कॅमेरा चालू होता. कुणीतरी म्हणालं की वहिनी, थोडं उजेडाकडे वळा.

फाटकाला कुलूप. टपालाची गाडी लवकरच निघेल म्हणतात. पाकीट आहे. ह्यांना लिहिते आहे तेच आधी इथे उतरवते, तिथे खाडाखोड नको—

स. न. वि. वि.

हे पत्र मिळताच आधी धाकटीला जवळ घ्या. तिला माझं काही सांगू नका. एक घास भरवा, तुमच्या हाताने. मीठ लागतं का विचारा. साखर द्या, गोड लागते का विचारा. ती हसत असली तरी तोंड उघडायला लावून जीभ बघा. रक्त आहे का बघा. पाणी गिळते का बघा. तिला रांधू देऊ नका. टोमॅटोचा भात करू देऊ नका. तुम्ही तिचं कौतुक केलंत ते बरोबर केलंत, मी रागावले नाही, मी रागावले नाही, असं तिला

वाटी इथे आहे. वहीशेजारी. मी वर आणली नव्हती. मी—

भरलेली आहे. भात आहे. टोमॅटोचा. गरम आहे अजून.

मी केलेला नाही. वासावरून कळतं. मीठ अगदी बरोबर पडलंय. हा आमच्या घरचा तांदूळ

कृपा करून उलट टपाली कळवा. दुसरं काही नको, खानावळ नको, फक्त एवढंच कळवा की ती जेव—